आमच्या बायकांचं रक्त तरंगतं

(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून दिलं आहे.)



आधी आत या. सतरंजीवर जागा आहे. पोरांनो, सरका जरा. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या दारात उभ्या आणि आपण पुढं मांडी ठोकून बसलेले, असं नको.

मला भाषण येत नाही. मी गोदीत हमाली करतो, कंत्राटावर. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, त्यातल्या चार-दोन आपल्याच अंकात छापून आल्यात. आपल्या पोरांच्या कवितेत रक्त फार असतं. माझ्याही असतं. रक्ताची शाई, रक्ताची पहाट, रक्ताचा हिशेब. आज मी खरोखरच्या रक्ताबद्दल बोलणार आहे. जे सुईनं काढतात आणि ग्रॅममध्ये मोजतात, त्या.

गेल्या १४ एप्रिलला आपण वस्तीत रक्तदान शिबिर घेतलं. मंडप, बाबासाहेबांचा फोटो, निळे झेंडे, स्पीकर, सगळं झोकात. मी पहिल्या पाचांत होतो. बोटाला टोचलं, थेंब निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडला. ते मोरचुदाचं पाणी असतं. थेंब बुडाला तर रक्त दाट, चालतं. तरंगला तर रक्त पातळ, परत जा. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. माझा थेंब टाकल्याबरोबर तळाला गेला. पोरं म्हणाली, गोदीचा गडी आहे.

मग आपल्या बाया रांगेत आल्या. नव्या साड्या नेसून, गजरे माळून, हौसेनं. पहिलीचा थेंब तरंगला. दुसरीचा तरंगला. तिसरीचा अर्ध्यावर गेला आणि वर आला. एकामागून एक परत. बाबासाहेबांच्या नावानं रक्त द्यायला आल्या होत्या, त्यांना सांगितलं, बाई, तुमच्याच अंगात नाही. आणि आपण काय केलं? हसलो. माईकवरून कुणीतरी बोललं, 'वहिनींना आधी जेवायला घाला रे!' मीपण हसलो. ते हसणं आठवलं की आता तोंड कडू होतं.

कारण त्याच आठवड्यात माझ्या बायकोचा रिपोर्ट आला. नुकता पाचवा महिना लागलेला. हिमोग्लोबिन ७.२. मी मग माझंही तपासून घेतलं. १४. पुरुषाचं जास्त असतं, कबूल. पुरुषाला १३ पाहिजे, गरोदर बाईला निदान ११. पण १४ आणि ७? एकच चूल, एकच रेशनकार्ड, एकच खोली, एकच नळ. मग रक्त निम्मं कसं?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, 'काय गं, जेवत नाहीस का? घरात खायला घालत नाहीत का?' तिनं मान खाली घातली. मी बाजूलाच उभा होतो. दुसरा प्रश्न मला होता, हे मला घरी आल्यावर कळलं.

तेव्हापासून मी विचारत सुटलो. आशाताईंना विचारलं, दवाखान्यातल्या सिस्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. जे कळलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

रक्त लाल कशानं, तर हिमोग्लोबिननं. ते बनायला लोह लागतं. लोह म्हणजे लोखंडच. ते छातीतून हवा उचलतं आणि अंगभर पोचवतं. आमच्या गोदीतल्या हमालासारखं. हमाल कमी पडले की माल धक्क्यावर पडून राहतो, तसं हिमोग्लोबिन कमी पडलं की बाईला जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांपुढं अंधारी येते. पापणी खाली ओढून बघा, आत पांढरी फटक. बाई गरोदर राहिली की अंगातल्या रक्ताचं पाणी जवळजवळ दीडपट होतं, पण लाल पेशी तेवढ्या वाढत नाहीत. शिवाय पोटातलं पोर आपलं लोह आईकडून ओढून घेतं. नऊ महिन्यांत बाईला सगळं मिळून साधारण एक हजार मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं. म्हणजे एक ग्रॅम.

एक ग्रॅम, दोस्तांनो! आम्ही गोदीत लोखंडाची गुंडाळी उतरवतो, एकेक कित्येक टनांची. माझ्या अंगाला, कपड्याला, केसांना लोखंडाचा गंज लागून घरी येतो. आणि माझ्या बायकोच्या अंगात एक ग्रॅम लोखंड कमी पडलं. मी कवी. हे मला कवितेत सुचलं नव्हतं.

आणि हे एकट्या माझ्या घरचं नाही. सरकारच्याच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर गरोदर बायांत ५२ जणींचं रक्त कमी निघालं. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत ५० होतं. म्हणजे वाढलं. गोळ्या वाटायचा कार्यक्रम १९७० सालापासून आहे. पन्नास वर्षं गोळ्या वाटून आकडा निम्म्याच्या खाली येत नाही, तर रोग फक्त बाईच्या अंगात नाही. अंगाबाहेर कुठंतरी आहे. तो कुठं आहे ते बघू.

पहिला ताटात.

मी पाळीवरून रात्री येतो. हात-पाय धुतो, बसतो. ताट समोर येतं. रविवारी मटण किंवा मच्छी असली तर फोडी आधी माझ्या ताटात. मग बापाच्या. मग पोराच्या. मग आईच्या. शेवटी बायको पातेलं पुसून रस्सा आणि भात खाते. मी एकदा विचारलं, 'तुला फोड नाही?' म्हणाली, 'अहो, मला रस्साच आवडतो.' आणि मी ते खरं मानलं! माझी आईपण म्हणायची, रस्साच आवडतो. माझी आजीपण. तीन पिढ्यांच्या बायांना एकाच घरात रस्साच कसा आवडतो रे? ही थाप आहे. बायांनी आपल्याला सांगितलेली, आणि आपल्याला सोयीची म्हणून आपण गिळलेली.

गावकुसाबाहेर आपल्या वाट्याला काय आलं? उरलेलं, शिळं, शेवटचं. त्याच्याविरुद्ध आपण उठलो. आणि तीच उतरंड घरात आणून मांडली. सगळ्यांत खाली बायको. सभेत आपण बोलतो समतेवर, आणि घरी पहिलं ताट आपलं.

आता मांस-मच्छीतलं लोह अंगात पटकन भिनतं. पालेभाजी-कडधान्यातलं थोडंच भिनतं. म्हणून फोड कुणाला मिळते याला महत्त्व आहे. आपल्या आज्या सांगतात, वजडी, कलेजी, रक्ती असं जे वरच्यांनी टाकलं ते आम्ही शिजवलं. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं ते माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी, आणि ते बरोबरच होतं. पण बाजारात पैसे मोजून घेतलेलं स्वस्त मांस ही वेगळी गोष्ट. २०१५ साली महाराष्ट्रात गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाच्या ताटातलं स्वस्त लोह कायद्यानं उचललं. त्याच्या जागी काय ठेवलं? दवाखान्यात सांगतात, डाळिंब खा, बीट खा. डाळिंब लाल असतं म्हणून रक्त लाल होत नाही. त्यात लोह फारसं नाहीच, आणि भाव तर विचारू नका. त्यापेक्षा सुकट, जवळा, अंडी, मटकी, चवळी, माठ, शेपू, शेंगदाणे, तीळ, बाजरीची भाकरी. भाजी लोखंडी कढईत करा. वर लिंबू पिळा, लिंबानं लोह भिनतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहानं ते अडतं. आपल्या बाया सकाळी चहा-पाव, दुपारी चहा-चपाती, भूक मारायला पुन्हा चहा. चहावर जगणाऱ्या बाईचं रक्त कुठून वाढेल?

इथं तुम्हाला एक इतिहास सांगतो. मला स्वतःला तो माहीत नव्हता, आणि तो आपल्या परळचा आहे.

१९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांचं रक्त आटत होतं, कितीक मरत होत्या. तिनं परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू केलं. जंतू शोधला, तो सापडला नाही. मग तिनं बायांचं ताट बघितलं. उंदरांना त्या बायांसारखं निकस अन्न घालून पाहिलं. शेवटी तिला आढळलं की मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त काळ्या अर्कानं या बाया उठून बसतात. १९३१ साली तिनं ते छापलं. त्या अर्कातलं औषध म्हणजे पुढं ज्याला फॉलिक ॲसिड म्हणाले ते. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं. आज जगभर गरोदर बाईला फॉलिकची गोळी देतात. तिची मुळं मुंबईच्या गिरणी कामगार बायांच्या पातळ रक्तात आहेत. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात मला सापडली नाहीत.

आणि त्याच १९२८ सालच्या जुलैत, याच मुंबईत, कायदे कौन्सिलात बाबासाहेब उभे राहिले. गिरणी-कारखान्यातल्या बायांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणाऱ्या विधेयकाच्या बाजूनं बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी सांगितलं. १९२९ साली तो कायदा मुंबई प्रांतात झाला. एक बाई परळला ताट तपासत होती, आणि आपला बाप कौन्सिलात विसावा मागत होता. रोगाची दोन्ही टोकं तेव्हाच सापडली होती. अन्न आणि विसावा.

विसाव्याचं काय झालं? २०१७ साली रजा २६ आठवडे झाली. कुणाला? ज्यांचं नाव हजेरीपटावर आहे त्यांना. माझी बायको चार घरची धुणीभांडी करते. पाच मजले चढून, वाकून फरशी पुसते. ७.२ रक्तावर. सातव्या महिन्यात तिनं काम सोडलं तर दुसऱ्या दिवशी त्या घरात दुसरी बाई. भरपगारी रजा हा शब्द तिला ठाऊकच नाही.

दुसरा रोग लग्नात आणि लागोपाठच्या बाळंतपणात.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न सोळाव्या वर्षी लावलं. तिचं स्वतःचं हाड अजून वाढत होतं. पाच वर्षांत तीन बाळंतपणं. प्रत्येक बाळंतपणात रक्त जातं, मग अंगावर पाजणं, आणि अंग भरून यायच्या आत पुन्हा दिवस. दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षं तरी पाहिजेत. तिला कुणी दिली नाहीत. तिसऱ्या वेळेला पोर झालं आणि रक्त थांबेना. अंगात रक्त असलेली बाई तेवढा स्राव सोसते. जिच्या अंगात आधीच नाही, ती नाही सोसत. आई म्हणाली, 'तिचं नशीबच तसं.' मी तेव्हा नशिबावर एक कविता लिहिली. तिचं हिमोग्लोबिन किती होतं, हे मी कुणाला विचारलं नाही.

१९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षानं संततिनियमनाचा ठराव आणला होता. पडला. पण त्यांना कळलं होतं ते आपल्याला अजून कळलेलं नाही. पाळणा लांबवणं ही काय फक्त बाईची जबाबदारी आहे? निरोधाचं नाव काढलं की आपण पोरं खिदळतो. खिदळू नका. तुमच्या खिदळण्यावर एका बाईचं रक्त चाललंय.

बाकीचे रोग भराभर सांगतो, पण विसरू नका. अनवाणी ओल्या, घाणेरड्या मातीत चाललं की आकडीजंत पायातून शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. मलेरिया लाल पेशी फोडतो, आणि आपल्या वस्त्या गोदी-बांधकामाच्या डबक्यांशेजारी. मशेरी! आमच्या आईचं सकाळचं पहिलं काम मशेरी. गरोदर बायासुद्धा भूक मारायला, मळमळ घालवायला लावतात. मुंबईतल्या गरोदर बायांच्या अभ्यासात मशेरी-तंबाखू लावणाऱ्यांचं रक्त जास्त कमी आढळलंय. आणि बाई माती खाते, पाटीवरची पेन्सिल खाते, कच्चे तांदूळ खाते, तेव्हा आपण म्हणतो डोहाळे लागले. पुष्कळदा ते डोहाळे नसतात. ते अंग लोह मागत असतं.

आणखी एक. आपले पुष्कळ जण विदर्भातले, नंदुरबारकडचे. तिकडं आदिवासी भावांत आणि आपल्या समाजातही सिकलसेल आहे. त्यात लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि लवकर मोडते. ते रक्त नुसत्या लोहाच्या गोळीनं भरत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणाला चारात एक पोर आजारी होण्याची शक्यता. म्हणून लग्नाच्या आधी पत्रिका नको, रक्त तपासा. आणि मुलीचंच नाही. पोरांनो, तुमचंपण.

आता गोळी. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक. १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. फुकट मिळते. तरी २०१९-२१ च्या त्याच पाहणीत शंभरात २६ जणींनीच गरोदरपणी १८० दिवस गोळ्या घेतल्या. का? माझ्या बायकोनं दहाव्या दिवशी बंद केल्या होत्या. डबा फळीवर तसाच. पोटात मळमळ, संडास काळा, कडक. शेजारीण म्हणाली, गोळीनं पोर काळं होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की संडास काळा होणारच, घाबरू नको. उपाशीपोटी सोसत नसेल तर जेवून घे. कॅल्शियमची गोळी आणि ही एकत्र घेऊ नको, एक सकाळी, एक रात्री. चहाबरोबर तर नाहीच. चौथ्या महिन्यानंतर जंताची गोळीही मिळते. दवाखान्यात गोळ्यांची पट्टी हातात कोंबतात आणि 'चला पुढची' म्हणतात. आणि त्या रांगेत नवरे नसतात. नवरे चळवळीत असतात.

म्हणून मी जायला लागलो. पाळी बुडवून. रोजी बुडाली, बुडू दे. रात्री मी गोळी हातात देतो, पाणी देतो, गिळेस्तोवर बसतो. आम्ही ताट एकत्र घेतो. पहिल्यांदा घेतलं तेव्हा आई बोलली, 'बाईलवेडा झालास का रं? आमी न्हाय का बाळंत झालो, आमाला कुणी फोडी घातल्या व्हत्या?' मी म्हणालो, 'आये, घातल्या नाहीत, म्हणूनच.' ती गप बसली. दुसऱ्या रविवारी तिनं स्वतः कलेजीचा तुकडा सुनेच्या ताटात टाकला. काही बोलली नाही. मग मीच एक तुकडा आईच्या ताटात टाकला.

आठव्या महिन्यात गोळ्यांनी पुरेसं चढेना, तेव्हा डॉक्टरांनी लोहाची सलाइन लावली. सातच्या खाली गेलं तर दवाखान्यात भरतीही व्हावं लागू शकतं, हेही ध्यानात ठेवा. आज तिला नववा लागलाय. परवाचा रिपोर्ट ९.८. अकरा नाही झालं अजून. मला रात्री झोप लागत नाही. दोन मित्रांना सांगून ठेवलंय, तिच्या गटाचं रक्त लागलं तर फोन येईल, धावत या.

तर मला ठराव नको, टाळ्या नको. एवढंच करू. प्रत्येकानं आपल्या घरातल्या बायांचं हिमोग्लोबिन विचारायचं. आईचं, बहिणीचं, बायकोचं. आपल्याला क्रिकेटचे आकडे पाठ असतात, हा आकडा कुणाला येतो? हात वर करा. बघा. एकाचाही नाही. वयात आलेल्या पोरींचं आधी तपासा, रक्त तिथूनच कमी होत येतं. अंगणवाडीत गरोदर बाईला शिधा मिळतो, तो २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तिचा हक्क आहे. तो येतो का, कोण खातं, ते बघायला चार-चार जण जाऊ. पहिल्या बाळंतपणाचे मातृवंदनेचे पाच हजार अडले असले तर कागद आपण लिहू, मॅट्रिक शिकून उपयोग काय दुसरा? अठराच्या आत कुणाचं लग्न ठरलं तर मंडपात जेवायला जायचं नाही, मोडायला जायचं. आणि आज रात्री घरी गेलात की स्वतःचं ताट घेऊन बसू नका. आधी तिचं वाढा.

पुढच्या १४ एप्रिलला शिबिर पुन्हा होईल. तोच मंडप, तीच निळ्या पाण्याची बाटली. या बाया पुन्हा रांगेत येतील. तेव्हा त्यांचे थेंब बुडाले पाहिजेत. एक जरी तरंगला तरी कुणी हसायचं नाही. ज्याच्या घरची ती बाई, त्यानं माईकवर येऊन सांगायचं, माझ्या घरात पहिलं ताट कोण घेतं.

जय भीम.